आधी पट्टी दाखवा, मग उधळपट्टी म्हणा

दिवसभराचं खुरपण आटोपून कुणी भाकरी थापायला बसली असेल, कुणी लेकराला झोपवत असेल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

आज आपल्याला एका शब्दावर बोलायचं आहे. शब्द आहे उधळपट्टी.

हा शब्द आपल्या घरात रोज फिरतो. बाजारात बांगड्या भरल्या, उधळपट्टी. लेकीला अभ्यासासाठी मोबाइल घेतला, उधळपट्टी. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर घरातून आवाज येतो, कशाला ही उधळपट्टी, दोन दिवसांत बरं वाटेल की. आणि त्याच घरात वरातीला डीजे लागतो, गल्लीभर फटाके वाजतात, हजार माणसांची पंगत उठते. त्याला मात्र कुणी उधळपट्टी म्हणत नाही. त्याला म्हणतात हौस. म्हणून आम्ही ठरवलं, या शब्दाचीच एकदा नीट झडती घ्यावी. त्याच्या पोटात काय आहे, तो कुणाला लावला जातो, आणि आपण तो कुठं वापरायचा.

आधी शब्दाचं मूळ पाहू. उधळपट्टीत उधळणं आहे. उधळणं म्हणजे मूठ भरून घ्यायची आणि हवेत मोकळी करायची. जेजुरीला खंडोबाच्या गडावर भंडारा उधळतात. भंडारा म्हणजे हळदच, आणि हळद म्हणजे आपलं पीक. हिंगोलीच्या बाजारात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते. वसमतच्या हळदीला तर 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जी हळद आपण वाकून काढतो, शिजवतो, वाळवतो, तीच देवावर उधळली की अंगणभर पिवळं होतं. या उधळण्यात वाईट काही नाही. मूठभर भंडारा उधळला म्हणून कुणाचं घर बुडालं नाही. निवडणुकीत गुलाल उधळतात, रंगपंचमीला रंग उधळतात. माणसाला एवढं लागतंच.

आता या शब्दाचा दुसरा अर्थ घ्या. बैल उधळला, असं आपण म्हणतो. तेव्हा काय झालेलं असतं? कासरा हातातून सुटलेला असतो. बैल तोच, ताकद तीच, पण हाकणाऱ्याचा ताबा गेला. मग तो उभ्या पिकातून जाईल, नाहीतर कुणाच्या अंगावर जाईल.

तिसरा अर्थ. सभा उधळली, डाव उधळला. म्हणजे जमवलेलं सगळं पांगलं.

एका शब्दात या तीन गोष्टी बसल्या आहेत. मूठ मोकळी होणं, कासरा सुटणं आणि जमलेलं पांगणं. पहिली गोष्ट आनंदाची आहे. दुसरी घडली की तिसरी ठरलेलीच. म्हणून नुसता खर्च मोठा झाला म्हणून ती उधळपट्टी होत नाही. ज्या खर्चाचा कासरा आपल्या हातात राहिला नाही, तो खर्च म्हणजे उधळपट्टी. मग तो पाच लाखांचा असो, नाहीतर पाचशेचा.

आपल्या भाषेत या शब्दाला शेजारीपाजारी पुष्कळ आहेत. पैसे उडवले, पैसे घातले, पैसे फुंकले. पैसा पाण्यासारखा ओतला, असंही म्हणतात. पण हे पाण्याचं बोलणं मराठवाड्यात जरा अवघड वाटतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या बाईनं उन्हाळ्यात टँकरपुढे हंडा घेऊन रांग धरली, तिला विचारा. ती पाणीसुद्धा पाण्यासारखं ओतत नाही.

आता एक गंमत पाहा. खर्च करणारा कोण आहे, यावर शब्द बदलतो. तमाशाच्या फडात नोटा उधळल्या, तर त्याला दौलतजादा असा भारदस्त शब्द आहे. चार मित्रांना ढाब्यावर जेवू घातलं, तर तो दिलदार माणूस. देवळाच्या कळसाला वर्गणी सांगताना घरी न विचारता मोठा आकडा सांगितला, तर त्याचा हात सढळ. आणि बाईनं दोन साड्या घेतल्या की तिचा हात सैल. हात सढळ आणि हात सैल, ऐकायला जवळजवळ सारखंच. पण एक शाबासकी आहे आणि एक ठपका आहे.

हा ठपका वरून खाली येतो, ही त्यातली खरी गोष्ट आहे. ज्याच्या हातात तिजोरी, तो दुसऱ्याला उधळ्या म्हणतो. हे आज आपल्या घरातच होतं असं नाही. दीडशे वर्षांपूर्वी अख्ख्या शेतकरी जातीवर हाच ठपका ठेवला गेला होता. ती हकिकत सांगण्यासारखी आहे.

1875 ची गोष्ट. तेव्हा आपला हिंगोलीचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि पुणे, नगर इंग्रजांच्या ताब्यात. त्या भागातले शेतकरी सावकारांच्या कर्जानं पिचले होते. 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर धाव घेतली. त्यांना हवी होती ती कर्जाची कागदपत्रं. ती काढून त्यांनी जाळली. मग आजूबाजूच्या पुष्कळ गावांत तेच झालं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

तेव्हा मोठमोठी माणसं काय म्हणत होती? शेतकरी कर्जात बुडतो, कारण तो लग्नकार्यात पैसा उधळतो. सरकारनं चौकशीला आयोग नेमला. आता हा काही शेतकऱ्यांचा आयोग नव्हता, सरकारचाच होता. तरी त्यानं चौकशी केल्यावर लिहिलं की लग्नाच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिलं गेलं आहे. त्याच्या ऐपतीच्या मानानं तो खर्च जास्त दिसतो हे खरं, पण लग्न काही रोज होत नाही. त्यापेक्षा खाण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, सरकारचा शेतसारा भरण्यासाठी जी लहान लहान कर्जं वरचेवर काढावी लागतात, ती त्याला जास्त बुडवतात.

महात्मा जोतीराव फुल्यांनीही 1883 मध्ये पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात हा आरोप परतवून लावला. शेतकऱ्याच्या घरी लग्नात असतं तरी काय, आणि त्याच्या कष्टाचा पैसा जातो तरी कुठं, हे त्यांनी उघड करून दाखवलं.

या हकिकतीतून आपण काय घ्यायचं? कुणी उधळपट्टी म्हणालं की लगेच मान खाली घालायची नाही. आधी हिशेब मागायचा. पैसा कुठं गेला, ते कागदावर पाहायचं. सुप्याच्या शेतकऱ्याला बोल लावणाऱ्यांनी त्याची वही पाहिली नव्हती. आपल्याला बोल लावणारेही आपली वही पाहत नाहीत. आणि पुष्कळदा आपणही घरची वही पाहिलेली नसते.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे पैसा येतो कसा? शहरात पगारदाराला महिन्याच्या महिन्याला पैसा येतो. आपल्याकडे तो ढगासारखा येतो, एकदम येतो आणि मग वर्षभर वाट पाहायला लावतो. मे-जूनमध्ये हळद लावली की ती आठ-नऊ महिने रानात राहते. मग काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, आणि तेव्हा कुठं ती बाजारात जाते. म्हणजे हळदीचा पैसा हातात येतो तो ऐन लगीनसराईच्या तोंडावर. तिकडं रानातली हळद विकली जाते आणि इकडं नवरीला हळद लागते. पैसा एका दिवसात आला म्हणून तो एका दिवसाचा वाटतो. पण त्या गाठोड्यात बारा महिने बांधलेले असतात. त्यात पुढचं बेणं आहे, खत आहे, मजुरी आहे, लेकरांची फी आहे, दवाखाना आहे, पीक कर्जाची परतफेड आहे.

माल विकला की आडतीवरून एक कागद मिळतो. त्याला आपण पट्टी म्हणतो. किती क्विंटल, काय भाव, हमाली किती, तोलाई किती, उचल किती कापली, हातात किती आले, सगळं त्या पट्टीवर लिहिलेलं असतं. आता उधळपट्टीतली पट्टी कुठून आली ते शब्दकोशवाले सांगतील. आपल्याला पट्टी म्हटली की हीच आठवते. तर आमचा साधा प्रश्न आहे. घरातल्या किती बायांनी ही पट्टी पाहिली आहे? हळद लावताना आपण असतो. खुरपताना असतो. काढताना, निवडताना, वाळत घालताना आपणच असतो. आणि पट्टी कुठं असते? मालकाच्या खिशात. ती खिशातच विरून जाते.

म्हणून आम्ही म्हणतो, आधी पट्टी दाखवा, मग उधळपट्टी म्हणा. जिला आलेला पैसा माहीत नाही, तिनं किती खर्चावा हे ती कशी ठरवणार? आणि जिला ठरवायलाच दिलं नाही, तिला उधळी म्हणायचा हक्क कुणाला आहे?

आता थोडा हिशेब करू. अंगठ्यावर मोजलात तरी चालेल. समजा एका घरात मालक रोज दहा रुपयांच्या दोन पुड्या खातात. दिवसाचे 20 रुपये, महिन्याचे 600, वर्षाचे 7,300. त्यातही गुटख्यावर आपल्या राज्यात 2012 पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते ती मिळतेच. त्याच घरात बाईनं नागपंचमीला आणि संक्रांतीला बांगड्या भरल्या. एका खेपेला 100 रुपये धरा. वर्षाचे 200. घरात भांडण कशावरून होतं? त्या 200 वरून. कारण बांगड्या दिसतात, त्यांचा आवाज होतो. पुडी थुंकून टाकली की खर्चही दिसत नाही. रोज थोडा थोडा जाणारा पैसा वाळवीसारखा असतो. वरून दार चांगलं दिसतं आणि आतून पोकळ झालेलं असतं.

आणि बाई उधळी असती, तर 2016 च्या 8 नोव्हेंबरला रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या जुन्या नोटा बंद झाल्या, तेव्हा डाळीच्या डब्यांतून आणि लुगड्यांच्या घड्यांतून त्या नोटा निघाल्या असत्या का? मालकाला माहीत नसलेली ती पै-पै कशासाठी ठेवली होती? लेकराच्या आजारपणासाठी, माहेरच्या अडीनडीसाठी, दुष्काळाच्या वर्षासाठी. बाई बचत शिकली ती बचत गटात आल्यावर, असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं. बचत ती आधीपासून करत होती. गटानं तिच्या बचतीला वही दिली, बँकेत खातं दिलं आणि नाव दिलं.

आता लग्नाचं बोलू. लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं उगीच म्हणत नाहीत. लग्नातला सगळा खर्च वाईट, असं आम्ही म्हणणार नाही. लेक सासरी जाते, त्या दिवशी आपल्या माणसांना गोडधोड जेवू घालावं, मांडव सजवावा, ही मूठभर हळद उधळण्यासारखी गोष्ट आहे. पण कासरा सुटतो तो कुठं? व्याही म्हणतात त्यांची माणसं इतकी येणार, भावकी म्हणते अमक्याच्या लग्नात पाच पक्वान्नं होती, पोरं म्हणतात डीजे नसेल तर नाचायचं कशावर. ठरवणारे सगळे बाहेरचे आणि फेडणारे घरातले. तिथं खर्चाचा बैल उधळतो.

समजा लग्नासाठी एक लाख रुपये बाहेरून काढले, शेकडा तीन रुपये महिना व्याजानं. महिन्याचं व्याज झालं 3,000. वर्षाचं 36,000. खुरपणीचा रोज 300 रुपये धरला, तर बाईनं 120 दिवस वाकून काम केलं तेव्हा नुसतं व्याज फिटलं. मुद्दल जागच्या जागी. त्या एक लाखातले 25,000 डीजेला गेले असतील, तर तीन तासांच्या आवाजासाठी दरवर्षी 30 दिवसांची खुरपणी. म्हणून आम्ही गटात सांगतो, कर्जाचा आकडा रुपयांत ऐकू नका, दिवसांत मोजा. किती दिवस वाकावं लागेल ते विचारा. मग पुष्कळ हौस आपोआप जागेवर येते.

एक गोष्ट मात्र या शब्दात बसवायचीच नाही. ती म्हणजे हुंडा. पुष्कळ घरांत लग्नाचा हिशेब सांगताना म्हणतात, इतका खर्च जेवणावर, इतका कपड्यांवर आणि इतका हुंड्यावर. हुंडा हा खर्च नाही आणि उधळपट्टीही नाही. उधळपट्टी माणूस आपल्या हातानं करतो. हुंडा मागून, अडवून घेतला जातो. हुंडा देणं-घेणं हा 1961 च्या कायद्यानं गुन्हा आहे. गुन्ह्याला खर्च म्हटलं की तो किराण्याच्या यादीत जाऊन बसतो. लाज मग मागणाऱ्याला वाटत नाही, न देणाऱ्याला वाटते. म्हणून शब्द नीट वापरायचा. हुंड्याला हुंडाच म्हणायचं.

आणि याला जोडून आणखी एक. बाप आपल्या नावासाठी, गावात मान राहावा म्हणून लग्नात लाखो रुपये घालतो. पुढं वाटणीची वेळ आली की भाऊ म्हणतात, ताई, तुझ्या लग्नात किती खर्च केला ते आठव, आता हक्कसोडीवर सही कर. खर्च ठरवला कुणी? बापानं आणि भावकीनं. डीजेवर नाचलं कोण? गाव. आणि तो खर्च मांडला कुणाच्या नावावर? लेकीच्या. मैत्रिणींनो, हिंदू वारसा कायद्यात 2005 मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच वाटा आहे. लग्नाचा खर्च झाला म्हणून तो वाटा संपत नाही. हक्कसोड द्यायची की नाही, हे तिनं आपल्या मनानं ठरवायचं आहे. वीस वर्षांपूर्वीच्या पंगतीचं बिल दाखवून तिची सही घेता येत नाही. लेकीचं लग्न साधं करा आणि तिचं नाव सातबाऱ्यावर राहू द्या. पंगत एका दिवसात उठते, जमीन जागेवर राहते.

साधं लग्न म्हणजे कमीपणा, असं ज्यांना वाटतं, त्यांना फुल्यांचंच आणखी एक उदाहरण सांगायला हवं. 1873 च्या सप्टेंबरमध्ये जोतीरावांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला या समाजाच्या रीतीनं पहिलं लग्न लागलं. भटजीशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात. त्या काळात लोक काय म्हणतील, ही भीती आजच्यापेक्षा कमी नव्हती. तरी ते लग्न लागलं, आणि आज दीडशे वर्षांनी आपण त्याची आठवण काढतो आहोत. मोठ्या पंगतीची लग्नं त्या साली पुष्कळ झाली असतील. त्यातलं एकही आपल्याला आठवत नाही.

मग एखादा खर्च उधळपट्टी आहे की नाही, हे ओळखायचं कसं? आम्ही चार प्रश्न काढले आहेत. पाठ करायला सोपे आहेत.

पहिला प्रश्न, ठरवलं कुणी? घरातल्या कमावत्या माणसांनी मिळून ठरवलं असेल, आणि कमावत्यांत बाई येतेच, तर कासरा हातात आहे. व्याह्यांनी, भावकीनं, शेजारणीच्या नव्या साडीनं ठरवलं असेल, तर सुटला.

दुसरा प्रश्न, फेडणार कोण आणि किती दिवस? उत्तर रुपयांत नको, दिवसांत हवं.

तिसरा प्रश्न, उद्या काय उरेल? इथं जपून. उरणं म्हणजे फक्त वस्तू उरणं नव्हे. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला सगळ्याजणी मिळून गेलात, येताना लेकराला पेढा घेतला, तर हातात काही उरत नाही. पण मन मोकळं होतं. ते उरणंच आहे. गावाच्या वेशीबाहेर वर्षातून एकदा पडणाऱ्या बाईला उधळी म्हणू नका.

चौथा प्रश्न, हा खर्च नाही केला तर काय बिघडेल? लोक काय म्हणतील, एवढंच उत्तर आलं तर थांबा. तब्येत बिघडेल, लेकीची शाळा सुटेल, पीक हातचं जाईल, असं उत्तर आलं तर करा, आणि बिनधास्त करा.

या चार प्रश्नांवर आता सुरुवातीचे खर्च घासून पाहा. लेकीचा मोबाइल अभ्यासासाठी असेल, तर तो खर्च टिकतो. रक्ताची तपासणी टिकते. बायांना अंगात रक्त कमी असूनही चक्कर येईपर्यंत आपण कामावर जातो, आणि दवाखान्याचे पैसे वाचवले म्हणून कौतुक करून घेतो. ही काटकसर नव्हे. वाचवलेल्या दोनशे रुपयांचे पुढे दोन हजार होतात. अंग झिजवून पैसा वाचवला, तर त्यातही जमवलेलं पांगतंच. पैसा पांगत नाही, आपण पांगतो.

पण प्रश्न विचारायचे तर ते स्वतःलाही विचारायला हवेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं वाण घ्या. पूर्वी तिळगूळ, सुपारी, हळकुंड देऊन व्हायचं. आता अमकीनं डबा दिला म्हणून तमकी पातेलं देते. घराघरात प्लॅस्टिकच्या न लागणाऱ्या वस्तूंचा ढीग झाला. इथं आपल्याला कुणी पुरुषानं भाग पाडलेलं नाही. गटानं ठरवलं की यंदा सगळ्यांनी वाण म्हणून हळकुंडाची पुडी नाहीतर भाजीचं बी द्यायचं, तर चढाओढ तिथल्या तिथं मिटते. एकटीनं साधं वाण दिलं तर ती चिक्कू ठरते. सगळ्यांनी दिलं तर ती रीत होते. गटाची ताकद ती हीच.

तसंच हप्त्यांचं. दारात गाडी येते, आठवड्याचा हप्ता सोपा वाटतो, एका कंपनीचा चुकवायला दुसरीचं कर्ज घेतलं जातं. इथं एक नियम माहीत असू द्या. ज्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 3 लाखांपर्यंत आहे, त्याला तारण न घेता दिलेल्या कर्जाला रिझर्व्ह बँक मायक्रोफायनान्स कर्ज म्हणते. एप्रिल 2022 पासूनचा नियम असा आहे की घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. म्हणजे घरात महिन्याला 10,000 येत असतील, तर सगळे हप्ते मिळून 5,000 च्या आत. मुदतीआधी कर्ज फेडलं तर त्यावर दंडही लावता येत नाही. कर्ज देणाऱ्याला हा नियम पाळायचा आहे, पण बेरीज आपण करायची आहे. आणि निम्मं ही शेवटची हद्द आहे. तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही.

आपल्या जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. नामदेव शिंप्याच्या घरचे. शिंपी कापड बेततो, म्हणजे आधी मापतो आणि मग कात्री लावतो. आपणही म्हणतो, बेतानं खर्च करा. बेतानं म्हणजे कमी नव्हे. माप घेऊन. मोठ्या माणसाचा सदरा लहान बेतला तर तो अंगात जात नाही, आणि कापड नसताना घेरदार बेतला तर बाह्याच राहतात. काटकसर आणि उधळपट्टी यांच्या मधली ही जागा आहे. आपल्याला कंजूष व्हायचं नाही. आपल्याला माप घेणाऱ्या व्हायचं आहे.

तर येत्या बैठकीत एवढं करा. बचत जमा झाली, कर्जाच्या परतफेडीची नोंद झाली, की दहा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकीनं गेल्या वर्षातला एक खर्च सांगायचा, ज्याला घरात उधळपट्टी म्हटलं गेलं. आणि एक असा, ज्याला म्हणायला हवं होतं पण कुणी म्हटलं नाही. त्यावर चार प्रश्न विचारा. वाद होईल, होऊ द्या. सचिव ताईंनी निकाल लिहायची गरज नाही, मनात राहिला तरी पुरे.

आणि यंदा सोयाबीनचं असो की हळदीचं, आडतीवरून माल विकून मालक घरी आले की पाण्याचा तांब्या देताना विचारा, पट्टी आणली का? भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. नुसतं पट्टी मागायची. एकदा मागितली तर नवल वाटेल. दुसऱ्या वर्षी ते आपण होऊन काढून देतील. पट्टी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. तिचंही शिक्षण होईल. पट्टी समोर ठेवून त्याच रात्री बेण्याचे, फीचे, दवाखान्याचे, हप्त्याचे पैसे वेगळे काढा. मग सणाचे काढा, आणि हो, बांगड्यांचेही काढा. जे मापून बाजूला ठेवलं, ते खर्चताना कुणी ठपका ठेवू शकत नाही.

मैत्रिणींनो, शब्द हे विळ्यासारखे असतात. कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं, गवत कापलं जाणार की बोट. उधळपट्टी हा शब्द आजवर दुसऱ्यांच्या हातात होता. आता तो आपण हातात घेऊ, आणि जिथं लागायला हवा तिथंच लावू.

तुमच्या गटात या चार प्रश्नांवर काय बोलणं झालं, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.